तिरितिरी मातांगी: लोकांनी हातांनी लावलेलं बेटावरचं जंगल

ऊनसावली

मंडळी, तिकडे आषाढसरी चालू आहेत आणि घरच्या ग्रुपवर रोपं हातात धरलेले फोटो येतायत. इथे ऑकलंडला ऐन हिवाळा. पण झाडं लावायचा मोसम दोन्हीकडे हाच! न्यूझीलंडच्या या भागात पाऊस हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळा कोरडा. मे ते ऑगस्टमध्ये रोप जमिनीत गेलं की डिसेंबरचं ऊन तापायच्या आत ते मूळ धरतं.

गेल्या रविवारी मोटुइहे नावाच्या बेटावर रोपं लावून आले. नखांतली माती अजून पूर्ण निघालेली नाही. परतीच्या बोटीत ठरवलं की ज्या बेटामुळे मला हा नाद लागला, त्याबद्दल इथे सविस्तर लिहायचंच.

ते बेट म्हणजे तिरितिरी मातांगी. इथले लोक नुसतं 'तिरी' म्हणतात. ऑकलंडच्या बंदरातून बोटीने सव्वा तास. क्षेत्रफळ जेमतेम २२० हेक्टर, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आतबाहेर. आधी माओरी वस्ती होती, मग युरोपीय लोक आले, १८६५ च्या सुरुवातीला दीपगृह पेटलं आणि पुढची शंभरेक वर्षं बेटावर मेंढ्या नि गुरं चरली. १९७१ साली चराईचा करार संपला तेव्हा मूळचं जंगल फक्त काही घळींमध्ये उरलं होतं. बाकी सगळं गवत नि नेचे.

तेव्हा विचार असा होता की गुरं काढली की जंगल आपोआप परत येईल. आलं नाही. गवत आणि नेचे इतके दाट वाढले की घळीतल्या झाडांचं बी खाली पडलं तरी त्याला मातीच लागेना. मग ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन क्रेग आणि नील मिचेल या शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. झाडं लावायची, पण ती लोकांनी लावायची. आणि बेट कुलूपबंद अभयारण्य करायचं नाही, लोकांना येऊ द्यायचं. त्या काळी दुर्मिळ पक्ष्यांची बेटं म्हणजे शास्त्रज्ञांशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही अशी पद्धत होती. त्यामुळे ही कल्पना धाडसाची होती.

१९८४ ला लागवड सुरू झाली. त्याच वर्षी दीपगृह स्वयंचलित झालं, आणि शेवटचे दीपगृहरक्षक रे वॉल्टर बेट सोडून जाण्याऐवजी तिथेच राहिले. ते आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी बेटावरची रोपवाटिका आणि लागवड सांभाळली. ज्या माणसाने वर्षानुवर्षं जहाजांसाठी दिवा राखला त्यानेच पुढे रोपं राखली, हे मला फार भावतं. शाळेतली मुलं, निवृत्त माणसं, गिर्यारोहण मंडळं, ज्यांना जमेल ते बोटीने यायचे, दिवसभर खड्डे खणायचे आणि संध्याकाळी परत जायचे. १९९४ पर्यंत साधारण २ लाख ८० हजार झाडं लागली. १९८८ मध्ये या स्वयंसेवकांची संस्थाही उभी राहिली, ती आजही बेट सांभाळायला मदत करते.

दोन वर्षांपूर्वी आई इथे आली होती, तिला घेऊन गेले होते. धक्क्यापासून दीपगृहापर्यंतची वाट पूर्ण सावलीतून जाते. आई मधेच थांबली, एका झाडाचं पान हातात घेतलं आणि म्हणाली, "ही निर्गुंडीची कुणीतरी लागते." ते पुरीरीचं झाड होतं. घरी येऊन शोधलं तर खरंच, निर्गुंडी आणि पुरीरी दोघी एकाच वायटेक्स प्रजातीतल्या! आईला वनस्पतिशास्त्र शिकवलेलं नाही कुणी. परसात निर्गुंडी होती आणि आजीचे गुडघे शेकायचे असायचे, एवढीच तिची शाळा.

वाटेवर बसलो तर घंटा वाजल्यासारखा आवाज सगळीकडून. तो बेलबर्ड. ऑकलंडच्या मुख्य भूमीवरून हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला, या बेटावर तग धरून राहिला. आई म्हणाली, काकड आरतीला बसल्यासारखं वाटतंय.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे ते सांगते.

रानपाखरू

किती सुंदर लिहिलं आहेस! निर्गुंडीचा किस्सा वाचून माझी आजी आठवली.

पक्ष्यांबद्दल अजून लिही ना. ताकाहे तिथेच आहेत ना?

ऊनसावली

@रानपाखरू, हो, आहेत. ताकाहे हा आपल्या तळ्यांवरच्या जांभळ्या पाणकोंबडीचा जवळचा नातेवाईक. रंग तसाच निळा-जांभळा, चोच तशीच लाल, पण अंगाने चांगलाच दांडगा आणि उडता न येणारा. हा पक्षी संपला असंच सगळे धरून चालले होते. १९४८ मध्ये दक्षिण बेटाच्या डोंगरात तो पुन्हा सापडला. तिरीवर १९९१ पासून आहे आणि दीपगृहाजवळच्या हिरवळीवर माणसांच्या पायाशी चरताना दिसतो. आईच्या डब्यापासून दोन हातांवर आला होता!

बाकी काकारिकी नावाचे पोपट १९७४ पासून, म्हणजे लागवडीच्याही आधीपासून. टिएके १९८४ मध्ये आणले, छोटे ठिपकेदार किवी १९९३ मध्ये, हिही १९९५, कोकाको १९९७. २००३ मध्ये तुआतारा आणले. दिसतो सरड्यासारखा, पण तो सरडा नव्हे. त्याच्या गणातले बाकी सगळे जीव कधीच नामशेष झाले, हा एकटा उरलाय.

टेकडीवाला

धागा आवडला. मी पुण्यात एका टेकडीवर रविवारी पाणी घालायला जाणाऱ्या गटात आहे, त्यामुळे माझे प्रश्न जरा मातीतले.

१. रोपांना पाणी कोण घालतं? बेटावर टँकर तर नेता येत नाही.
२. किती जगली?
३. कुठली झाडं लावायची हे कसं ठरवलं?

तिसरा प्रश्न विचारायचं कारण म्हणजे आमच्या टेकड्यांवर पूर्वी ग्लिरिसिडिया लावला गेला. भराभर वाढतो, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, लावणाऱ्यांना टेकडी हिरवी दिसली. आज त्याच्या खाली दुसरं काही नीट येत नाही आणि उन्हाळ्यात तो स्वतः निष्पर्ण. मराठीत त्याला उंदीरमारी म्हणतात. आम्ही आता त्याच्यामधे जागा करून पळस, पांगारा, सालई, मेडशिंगी लावतोय, पण चाळीस वर्षांपूर्वीची चूक निस्तरायला चाळीस वर्षं लागतील असं दिसतंय.

ऊनसावली

@टेकडीवाला, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला लागून मलाही एक चूक सांगायची आहे. ती शेवटी.

पाणी: कुणीच घालत नाही. म्हणून तर हिवाळ्यात लावायचं. मोटुइहेवर आम्ही करतो ते असं. रोपं लांबट, उभ्या कप्प्यांच्या साच्यात वाढवलेली असतात, त्यामुळे मुळं गोल गुंडाळली न जाता सरळ खाली जातात. लावायच्या जागेवरचं गवत आधी मारून ठेवलेलं असतं. किकुयू नावाचं गवत इथला मोठा वैरी, रोपाच्या डोक्यावरून चढून त्याला गुदमरवतं. रोप आधी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. कुदळीने खड्डा, रोप त्यात, माती बुंध्यापर्यंत, आणि टाचेने चांगलं दाबायचं. हलकं ओढून बघायचं. उपटून आलं तर पुन्हा. काठी नाही, आळं नाही. पुढची दोन-तीन वर्षं मात्र त्याच्याभोवतीचं गवत काढायला परत यावं लागतं. लावायला शंभर माणसं येतात, गवत काढायला पंधरा. हे तुमच्याकडेही असंच असणार.

जगण्याचं प्रमाण तिरीवर चांगलं राहिलं, आणि त्यात पोहुतुकावा या झाडाचा वाटा मोठा.

निवड: बी शक्यतो बेटावरच्याच उरलेल्या घळींतून आणि जवळपासच्या किनाऱ्यांवरून गोळा केलं. तिथल्याच मातीचं, तिथल्याच वाऱ्याचं बी. पुरीरी, कोहेकोहे, कराका, माहोए, कोव्हाय, मानुका, हाराकेके असे तीसेक प्रकार. कोहेकोहे आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं, पण फुलं थेट खोडातून येतात, फणसासारखी.

आता चूक. पोहुतुकावा हे इथलं किनाऱ्याचं झाड, जांभळाच्या कुळातलं. डिसेंबरात लालभडक फुलतं. खारा वारा सोसतं, उघड्यावर जगतं. म्हणून सुरुवातीला तेच भरपूर लावलं. त्याच्या आडोशाला बाकीची झाडं येतील हा हिशोब. पण पोहुतुकावा इतकी छान जगली की एकमेकांना भिडून दाट छत झालं आणि खाली अंधार. काही पट्ट्यांत जमिनीवर नुसती पानगळ, झुडूप नाही, रोपटं नाही. नंतर काही ठिकाणी ती विरळ करून मधे दुसरी झाडं लावावी लागली. म्हणजे झाड अस्सल देशी असूनही एकाच जातीचं फार झालं तर अडचण होतेच. तिरीवरची माहिती देणारी मंडळी हे स्वतःहून सांगतात, लपवत नाहीत. त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

टेकडीवाला

"लावायला शंभर, गवत काढायला पंधरा." आमच्याकडे पंधरा आले तर आम्ही पेढे वाटू.

मुळं सरळ जाणाऱ्या साच्यांचं महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या काळ्या पिशवीतल्या रोपाची मुळं तळाशी वेटोळी होतात. आम्ही लावताना पिशवीचा तळ बोटभर कापून टाकतो.

कातळसडा

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. एक विचारायचं आहे. पूर्ण बेटावर झाडं लावली का?

विचारण्याचं कारण, आमच्याकडे दर पावसाळ्यात उत्साही मंडळी सड्यावर झाडं लावायला येतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर, ओसाड दिसतो. पण पावसाचं पाणी साचलं की तिथे सीतेची आसवं, गेंद, तेरडे यांचे गालिचे पसरतात. त्यातल्या काही वनस्पती फक्त अशाच कातळावर उगवतात. जेमतेम बोटभर माती, त्यात खड्डा सुरुंग लावून करायचा आणि बाहेरून माती आणून आकेशिया लावायचा. आधी जे होतं ते गेलं, आणि फोटोत हिरवळ आली. मी दोनदा भांडलोय यावरून. मला लोक वृक्षद्रोही म्हणाले, ते मनाला लागलं.

ऊनसावली

@कातळसडा दादा, अगदी मोलाचा प्रश्न. नाही, सगळीकडे नाही लावली. ठरवूनच सुमारे ४० टक्के भाग मोकळा ठेवला. ताकाहेला गवत लागतं, तो जंगलातला पक्षी नाही. जुन्या माओरी वस्त्यांच्या खुणा जमिनीत आहेत, त्यांवर मुळं जाऊ द्यायची नव्हती. आणि दीपगृहावरून समुद्र दिसायला हवा हेही होतं.

तुम्हाला वृक्षद्रोही म्हणणाऱ्यांना हा धागा दाखवा. सड्यावर झाड न लावणं हेही संवर्धनच आहे.

रानपाखरू

@कातळसडा +१. गेल्या सप्टेंबरात देवरूखजवळ सडा पाहिला. गुडघ्यांवर बसून पाहावी लागतात ती फुलं. तुम्ही भांडत राहा.

भटकंती

यावरून आसामचे जादव पायेंग आठवले. जोरहाटजवळ ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटावर १९७९ पासून एकट्याने झाडं लावली, आज तिथे मोलाई जंगल आहे, हत्ती येऊन राहतात. २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. एकट्या माणसाने असं जंगल उभं केलं तर संस्था, विद्यापीठ, बोटी यांची गरज काय, असा प्रश्न मनात येतो.

ऊनसावली

@भटकंती, पायेंग यांच्यापुढे हात जोडावेत एवढं त्यांचं काम आहे. पण जागा वेगळ्या आहेत. ब्रह्मपुत्रेच्या बेटावर पक्षी, गुरं, हत्ती बाजूच्या जंगलातून बी घेऊन येऊ शकतात. तिरीवर जे हवं ते बहुतेक माणसालाच आणावं लागलं, आणि जे नको ते माणसानेच आणलेलं होतं. मला वाटतं, एकट्या माणसाचं वेड आणि हजारो लोकांचा एकेक रविवार, दोन्ही खरे. माझ्याकडे आयुष्य वाहून टाकायची हिंमत नाही. रविवार आहे.

शेवंती७१

एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. अशा बेटांवर हेलिकॉप्टरने विष टाकून उंदीर मारतात असं वाचलंय. तिरीवरही तेच झालं का? झाडं लावून जीव जगवायचे आणि दुसरीकडे जीव मारायचे, हे मला पचत नाही. मी वारकरी घरातली आहे, मुंगीलाही वाट देणाऱ्यांतली.

ऊनसावली

@शेवंती७१ ताई, हा प्रश्न मला स्वतःला छळतो, त्यामुळे प्रामाणिकपणे लिहिते.

हो, १९९३ मध्ये हवेतून विषारी आमिष टाकून किओरे नावाचे उंदीर संपवले. किओरे माओरींच्या पूर्वजांबरोबर होड्यांतून या देशात आले. ते बिया खातात, कोवळी रोपं कुरतडतात, अंडी आणि पिल्लं खातात. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मूळचा नाहीच. त्यामुळे इथले पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि उंदरापुढे त्यांचं काही चालत नाही. किओरे गेल्यावर रोपं जास्त उगवू लागली आणि तुआतारा आणणं शक्य झालं.

पण किंमत मोजावी लागली. त्या विषाने पुकेको, म्हणजे इथल्या जांभळ्या पाणकोंबड्याही बऱ्याच मेल्या. आणि काही माओरी लोकांना किओरे म्हणजे पूर्वजांची ठेव वाटते, त्यांचाही सल खरा आहे. मी हे योग्य मानते, पण हलकं मानत नाही. तुम्हाला नाही पटलं तर मी वाद घालणार नाही.

शेवंती७१

उत्तर मनापासून दिलंस, पोरी. पटलं असं नाही म्हणणार, पण समजलं.

दर्यागंध

मी मुंबईतून. मला आकडा महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, २०१९ ला ३३ कोटींचं. त्यापुढे २ लाख ८० हजार हा आकडा काहीच नाही. पण दहा वर्षं लावली, एकाच २२० हेक्टरांवर लावली, आणि नंतर सोडून गेले नाहीत. ढोबळ हिशोब केला: ६० टक्के जमीन धरली तर एकरी साधारण साडेआठशे झाडं. एवढं दाट लावलं तरच छत लवकर मिटतं आणि गवत मरतं.

माझा प्रश्न: चाळीस वर्षांनी ते आता स्वतःच्या पायावर उभं आहे का?

ऊनसावली

@दर्यागंध, तुमचा हिशोब बरोबर वाटतो.

पूर्ण नाही. हिहीचं उदाहरण घ्या. हा चिमुकला मधपिपासू पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. तिरीवरचं बहुतेक जंगल माझ्याहून लहान आहे, ढोल्या कुठून येणार? म्हणून स्वयंसेवक लाकडी पेट्या बांधतात, साफ करतात, पिल्लं मोजतात. आणि मधाची फुलं वर्षभर पुरत नाहीत म्हणून साखरपाणी ठेवतात. रोज. जंगल हिरवं व्हायला वीस वर्षं लागली, म्हातारं व्हायला दोनशे लागतील. तोवर कुणीतरी साखरपाणी भरत राहायचं.

शिवाय पहारा कायमचा. बोटीत चढण्याआधी बुटांचे तळ घासायचे, पिशवी उघडून बघायची. २००० साली बेटावर अर्जेंटिनी मुंग्या सापडल्या होत्या, त्यांच्यामागे किती वर्षं घालवली लोकांनी! आणि २०१७ मध्ये मर्टल रस्ट हा बुरशीचा रोग देशाच्या मुख्य भूमीवर पोचला. तो नेमका जांभूळकुळातल्या झाडांना लागतो, म्हणजे पोहुतुकावा आणि मानुका. त्याची काळजी सगळ्यांनाच आहे.

किवीकाका

मीही ऑकलंडकर, पंचवीस वर्षं. एवढ्या वर्षांत तिरीला एकदाही गेलो नव्हतो. धागा वाचून काल नातीला घेऊन गेलो. धक्क्याजवळ निळ्या पेंग्विनच्या दगडी घरट्याचं झाकण उचलून काचेतून आत बघता येतं. आत एक होता, झोपलेला. नात अजून त्याच विषयावर बोलते आहे. मोटुइहेला पुढच्या वेळी जाशील तेव्हा आम्हाला सांग. माझी पाठ वाकत नाही, पण रोपांचे साचे उचलून देईन.

ऊनसावली

काका, नक्की! साचे उचलून देणाऱ्याची फार गरज असते. नातीला जुने बूट घाला, आणि घरून निघतानाच ते ब्रशने घासा, धक्क्यावर रांग लागते. मोटुइहेवर पहिल्या महायुद्धात जर्मन कैद्यांना ठेवलं होतं. त्यातला काउंट फॉन लुकनर १९१७ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याचीच बोट घेऊन पळाला. ही गोष्ट सांगा नातीला बोटीत.

कातळसडा

पुन्हा आलोय. रात्री बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. आमची किनाऱ्यालगत दीड एकर पडीक आहे, वडिलांच्या वेळेपासून सुरूची झाडं आडवी पडून गेलीत. तिथे सडा नाही, पुळणीच्या मागची माती आहे. तिथे लावता येईल. उंडी, करंज, पारोसा पिंपळ, आत वळणावर सुरंगी. उंडीच्या बिया आमच्या देवळामागे खच पडून असतात. पूर्वी त्याचं तेल काढून होड्यांना लावायचे. बी तसंच पेरलं तर उगवायला फार वेळ घेतं, कवच हलकं फोडलं तर लवकर येतं, हे आईकडून माहीत आहे.

@टेकडीवाला, पिशव्यांऐवजी ते साचे इकडे कुठे मिळतील?

टेकडीवाला

@कातळसडा, साचे कशाला, दुधाच्या लिटरच्या पिशव्या अरुंद आणि उंच ठेवून दोन्ही तळकोपरे कापा, आणि जमिनीवर न ठेवता बांबूच्या मांडवावर ठेवा. मूळ हवेत आलं की टोक तिथेच सुकतं, वेटोळं होत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, फोटो पाठवतो. सुरंगीची चार रोपं मला ठेवाल का? पुण्यात जगेल की नाही माहीत नाही, अंगणात लावून बघतो.

कातळसडा

ठेवतो. कवचं फोडायला आजच बसलोय, आई शेजारी बसून सांगतेय कुठे मारायचं.

ऊनसावली

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि दादा, पहिलं पान फुटलं की फोटो इथेच टाका, मी माझ्या आईला दाखवणार आहे.